एका वेळच्या संबंधानंतर एचआयव्हीची भीती: धोका कसा मोजायचा, टेस्ट कधी करायची आणि कुठे थांबायचं

संबंध झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं. रिपोर्ट चांगला आला म्हणून दोन रात्री झोपायचं. आठव्या दिवशी घसा खवखवला की पुन्हा रक्त द्यायचं. मग कोणी सांगितलं म्हणून नागपूरला जाऊन महागडी टेस्ट करायची. तीन महिन्यांनी सगळं स्वच्छ निघालं तरी ‘मशीन चुकली असेल’ म्हणत छतावर खाट टाकून रात्रभर जागायचं. असं करणारे लोक अडाणी नसतात. त्यांच्या कामाचा क्रम चुकलेला असतो, एवढंच.

क्रम असा आहे: आधी घड्याळ, मग नेमकं काय घडलं ते, मग धोक्याचा अंदाज, मग टेस्टची तारीख, मग त्या तारखेला रक्त, आणि मग थांबणं. शेवटची पायरी सगळ्यात अवघड जाते, म्हणून तिच्यासाठी खाली जास्त जागा ठेवली आहे.

## टप्पा १: आधी घड्याळ पाहा

संबंध कोणत्या दिवशी आणि किती वाजता झाला ते लिहा. त्यात ७२ तास मिळवा. शनिवारी रात्री ११ वाजता झाला असेल तर मुदत मंगळवारी रात्री ११ वाजता संपते. या मुदतीत काही ठरावीक प्रसंगांमध्ये प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. त्यांना पेप म्हणतात. पहिली गोळी जितकी लवकर, तितका उपयोग जास्त. ७२ तास उलटल्यावर त्या सुरू करण्यात अर्थ उरत नाही.

पेपचा विचार कधी करायचा? योनी किंवा गुदद्वारातला संबंध कंडोमशिवाय झाला किंवा कंडोम फाटला, आणि समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित असून उपचारावर नाही किंवा तशी दाट शक्यता आहे, तेव्हा. कोणी टोचलेली सुई लगेच दुसऱ्याला टोचली असेल तेव्हा. आणि बळजबरी झाली असेल तेव्हा. बाकीच्या बहुतेक प्रसंगांत पेप लागत नाही. तुमचा प्रसंग कुठे बसतो ते कळत नसेल आणि ७२ तास व्हायचे असतील, तर पुढचं वाचत बसू नका. आजच उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, नाहीतर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. निघण्याआधी १०९७ या मोफत क्रमांकावर विचारून घेता येतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या २८ दिवस, रोज एकाच वेळी, एकही न चुकवता घ्यायच्या. सध्या बहुतेक वेळा टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्रॅविर यांची मिळून एकच गोळी असते. सुरू करण्याआधी एचआयव्ही, कावीळ ब आणि किडनीच्या तपासणीसाठी रक्त घेतात. हे रक्त आजच्या संबंधासाठी नसतं. तुम्हाला आधीपासून लागण नव्हती ना, एवढंच त्यातून कळतं. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर नक्की सांगा. त्या सोबत घेतल्या तर डोलुटेग्रॅविर पोटातून नीट शोषलं जात नाही, म्हणून डोलुटेग्रॅविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं लागतं.

संमतीने झालेल्या संबंधानंतर सरकारी साठ्यातून ही गोळी प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतील, ती घेऊन मोठ्या मेडिकल स्टोअरवर विचारा.

इशारा: गावातल्या डॉक्टरकडून ‘रक्त साफ करायची’ सलाईन किंवा ताकदीचं इंजेक्शन घेऊ नका. त्याने विषाणूला काही होत नाही. तुमचे पैसे जातात, आणि ७२ तासांतले मोलाचे तासही जातात.

बळजबरी झालेली असेल तर सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने उपचार मोफत द्यायचे असतात, आणि आधी पोलीस तक्रार झालेली असण्याची अट त्यासाठी नाही. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. गर्भ राहण्याची भीती असेल तर तातडीची गोळीही ७२ तासांच्या आतच घ्यायची असते. ती आशाताईंकडे किंवा मेडिकलमध्ये मिळते.

## टप्पा २: काय घडलं ते कागदावर उतरवा

मनात घोळवलं की प्रसंग रोज थोडा मोठा होत जातो. कागदावर तो तेवढाच राहतो. कोणाचंही नाव न लिहिता फक्त या पाच गोष्टी लिहा:

१. नेमकी कृती कोणती झाली: हाताने, तोंडाने, योनीत, गुदद्वारात, की फक्त अंगाला अंग घासलं?
२. कंडोम पहिल्यापासून शेवटपर्यंत होता का?
३. बाहेर काढताना तो जागेवर होता का, फाटलेला दिसला का?
४. वीर्य, रक्त किंवा योनीतला स्राव तुमच्या शरीराच्या आतल्या ओल्या भागाला किंवा ताज्या, रक्त येणाऱ्या जखमेला लागला का?
५. समोरच्या व्यक्तीच्या तपासणीबद्दल किंवा उपचाराबद्दल तुम्हाला खात्रीने काय माहीत आहे?

इथे होणारी चूक म्हणजे कृतीऐवजी अंदाज लिहिणं. ‘ती बारीक होती’, ‘त्याच्या हातावर डाग होते’, ‘लॉज घाण होता’. यातल्या कशावरूनही लागण कळत नाही. धडधाकट दिसणाऱ्याला लागण असू शकते, आणि बारीक माणूस नुसता उन्हातान्हात राबून बारीक झालेला असू शकतो.

दुसरी चूक जास्त खोलवर बसलेली असते. घरी बायको आहे, गावात मान आहे, आपण करायला नको होतं ते केलं, हे मनाला टोचत राहतं, आणि त्या टोचणीलाच माणूस धोका समजू लागतो. विषाणूला तुमचं लग्न झालंय की नाही, पैसे दिले होते की नाही, हे कळत नाही. त्याला फक्त शरीरात शिरायला वाट लागते. पश्चात्ताप असेल तर त्याची वेगळी बोलणी करा, पण या कागदावर त्याला जागा देऊ नका.

पडताळा: कागद वाचून अनोळखी माणसाला काय घडलं ते दोन मिनिटांत समजेल का? समजत असेल तर पुढे चला. काम झाल्यावर कागद चुलीत टाका.

## टप्पा ३: तुमचा प्रसंग कोणत्या गटात बसतो

एचआयव्ही रक्त, वीर्य, वीर्याआधी येणारा चिकट स्राव, योनीतला आणि गुदद्वारातला स्राव, आणि आईचं दूध यांतून पसरतो. थुंकी, घाम, अश्रू आणि लघवीतून पसरत नाही. शरीराबाहेर हवा लागली, स्राव वाळला की विषाणूची लागण करायची ताकद लवकर संपते. धड, अखंड कातडीतून तो आत जात नाही.

धोका नसलेला गट. मुके घेणं, मिठी, कपड्यावरून किंवा कपड्याविना अंग घासणं, हाताने हस्तमैथुन करून देणं किंवा करून घेणं, बोट घालणं, त्याच टॉवेलने पुसणं, त्याच बाथरूममध्ये जाणं, डास चावणं. बोटाला खपली धरलेली जुनी जखम होती, म्हणून गट बदलत नाही. तुमचा प्रसंग इथे बसत असेल तर टेस्टचीही गरज नाही. मन शांत करायला टेस्ट केली, तर बहुतेकांचं मन शांत होण्याऐवजी दुसऱ्या टेस्टची सवय लागते.

अत्यल्प धोक्याचा गट. नीट घातलेल्या आणि न फाटलेल्या कंडोमसह संबंध. तोंडाने केलेला संबंध. दुसऱ्याने तुमच्या लिंगावर किंवा योनीवर तोंड लावलं असेल, तर थुंकीतून लागण होत नाही, म्हणून भीतीला जागा जवळजवळ नाहीच. तुम्ही तोंड लावलं असेल तर धोका फारच कमी असतो, पण तोंडात रक्त येणारे फोड असतील आणि तोंडात वीर्य गेलं असेल तर तो किंचित वाढतो. आपल्याकडे हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण रोज खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांच्या गालाला आतून पुष्कळदा जखमा असतात. अशा माणसाने एक टेस्ट करून घ्यावी.

खरा धोका असलेला गट. कंडोमशिवाय योनी किंवा गुदद्वारातला संबंध, आणि एकाची सुई दुसऱ्याने वापरणं. ‘आत सोडलं नाही’ किंवा ‘एकच मिनिट होतं’ म्हटल्याने धोका कमी होतो, पण गट बदलत नाही. इथे टेस्ट करायचीच.

एक गोष्ट अजून गावोगावी पोहोचलेली नाही. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित असली, पण नियमित एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या गोळ्या घेते आणि तिच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली आलेला आहे, तर तिच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. ती उपचारावर आहे म्हणून घाबरायचं, आणि ज्याने कधी तपासणीच केली नाही त्याच्याबद्दल निर्धास्त राहायचं, हा हिशेब उलटा आहे.

### कंडोमबद्दलची शंका कशी मिटवायची

‘कंडोमला न दिसणारं छिद्र असेल’ ही भीती वारंवार ऐकू येते. लॅटेक्सचा कंडोम संबंधात फाटतो तेव्हा तो चांगलाच फाटतो. लिंगाचं टोक उघडं पडतं, कडा मागे गुंडाळली जाते, आणि ते डोळ्यांना दिसतं. बाहेर काढताना वीर्य टोकाशी साठलेलं होतं आणि रबर अखंड होतं, तर कंडोमने काम केलं. घरी आणून त्यात पाणी भरून बघायची गरज नाही.

कंडोम फाटण्याची कारणंही ठरलेली असतात. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत किंवा मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या कंडोमचं रबर कमकुवत होतं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर लॅटेक्स काही मिनिटांतच मऊ पडतं. टोकाशी हवा राहिली किंवा एकावर एक दोन कंडोम घातले तर घर्षणाने तो फाटतो. पाकिटावरची मुदत बघा, पाकीट बोटाने दाबून आत हवा आहे ना ते बघा, आणि दाताने फाडू नका.

## टप्पा ४: धोक्याचा आकडा समजून घ्या

‘एकदा तरी झालं ना, म्हणजे होणारच’ असं समजणारे पुष्कळ आहेत. आकडे वेगळं सांगतात. समोरची व्यक्ती बाधित आहे, उपचारावर नाही, आणि कंडोम नव्हता, असं धरून एका वेळच्या संबंधाचा सरासरी अंदाज असा आहे: योनीसंबंधात पुरुषाला १०,००० पैकी सुमारे ४, स्त्रीला सुमारे ८. गुदसंबंधात लिंग घालणाऱ्याला सुमारे ११, घेणाऱ्याला सुमारे १३८. तोंडाच्या संबंधात आकडा इतका लहान आहे की तो नीट मोजताही येत नाही.

समोरची व्यक्ती बाधित आहे की नाही हेच माहीत नसेल तर आणखी एक गुणाकार करावा लागतो. भारतात प्रौढांमध्ये बाधितांचं प्रमाण हजारात सुमारे २ आहे. म्हणजे कंडोमशिवायच्या योनीसंबंधात पुरुषाचा अंदाज ०.००२ गुणिले ०.०००४, अर्थात एक कोटीत ८. देहविक्री करणाऱ्या महिलांमध्ये हे प्रमाण जास्त, शंभरात सुमारे २ धरलं, तरी उत्तर दहा लाखांत ८ येतं.

ही सरासरी आहे. कोणाच्याही जननेंद्रियावर फोड किंवा जखम असेल, समोरच्या व्यक्तीला नुकतीच लागण झालेली असेल, किंवा संबंध वारंवार होत असतील तर धोका वाढतो. म्हणून आकडा बघून टेस्ट टाळायची नाही. टेस्टच्या दिवसापर्यंत जेवता-झोपता यावं, यासाठी आकडा आहे.

## टप्पा ५: टेस्टची तारीख आजच ठरवा

लागण झाली तरी ती रक्तात लगेच दिसत नाही. मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. त्या काळात आलेला चांगला रिपोर्ट काहीच सिद्ध करत नाही. दुसऱ्या दिवशी रक्त देणाऱ्यांची सगळी फरफट इथूनच सुरू होते.

कोणती टेस्ट कधी पक्की धरायची, ते टेस्टच्या प्रकारावर ठरतं. लॅबमध्ये हाताच्या शिरेतून रक्त घेऊन केलेली चौथ्या पिढीची टेस्ट विषाणूचा एक भाग आणि शरीराने बनवलेली प्रतिपिंडं दोन्ही शोधते. ती ४५ दिवसांनी पक्की धरतात. पट्टीवर किंवा कार्डावर केलेली रॅपिड टेस्ट फक्त प्रतिपिंडं शोधते. ती ९० दिवसांनी पक्की. खासगी लॅबमध्ये ‘एचआयव्ही टेस्ट करा’ एवढंच म्हणू नका. ‘चौथ्या पिढीची आहे की कार्डाची?’ असं विचारा, कारण छोट्या लॅबमध्ये बहुधा कार्डाचीच असते. थेट विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर टेस्ट महाग आहे आणि कमी धोक्याच्या प्रसंगात तिची गरज पडत नाही.

उदाहरण बघा. पेरणीच्या धांदलीत १ जूनला संबंध झाला. ४५ दिवस १६ जुलैला भरतात, ९० दिवस ३० ऑगस्टला, म्हणजे पोळ्याच्या सुमारास. सरकारी केंद्रावर (तिथे बहुधा कार्डाची टेस्ट असते) जाणार असाल तर सहा आठवड्यांनी म्हणजे १३ जुलैला एक टेस्ट आणि ३० ऑगस्टनंतर शेवटची. चौथ्या पिढीची करणार असाल तर १६ जुलैनंतर एकच. त्या आधी नाही आणि त्यानंतरही नाही. पेपच्या गोळ्या घेतल्या असतील तर हिशेब बदलतो: सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने, अशा तीन टेस्ट कराव्या लागतात.

तारखा कॅलेंडरवर एका खुणेने लिहून ठेवा. घरच्यांना कळू नये असं वाटत असेल तर ‘खत’ किंवा ‘बँक’ लिहा.

इशारा: ‘रक्तदान केलं की फुकटात कळेल’ असं म्हणून शिबिरात जाऊ नका. विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतून निसटू शकतं आणि एखाद्या बाळंतिणीला किंवा सिकलसेलच्या लेकराला चढू शकतं.

पडताळा: प्रसंग खऱ्या धोक्याच्या गटातला असेल तर शेवटच्या टेस्टपर्यंत घरीही कंडोम वापरा. धोका नसलेल्या गटातला असेल तर बायकोपासून किंवा लेकरांपासून दूर राहायचं काही कारण नाही. वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळं अंथरूण, यातलं काही करायचं नाही.

## टप्पा ६: केंद्रावर गेल्यावर

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं. तपासणी मोफत आहे. सकाळी ओपीडीच्या वेळेत जा. उपाशी राहायची गरज नाही. केसपेपर काढताना खिडकीवर कारण मोठ्याने सांगावं लागत नाही, ‘आयसीटीसीत जायचं आहे’ किंवा खोलीचा नंबर एवढं पुरतं. आपल्या तालुक्यात कोणी ओळखीचं भेटेल असं वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याला जा. तिथेही तपासणी होते.

आत समुपदेशक भेटतात. त्यांना टप्पा दोनमधल्या पाच गोष्टी जशाच्या तशा सांगा. ‘मित्राचं विचारतो’ असं सुरू केलं की तारीख चुकीची सांगितली जाते आणि सल्लाही चुकीचा मिळतो. त्या ताई किंवा ते दादा दिवसभर हेच ऐकतात. संबंधाची तारीख स्वतःहून सांगा, कारण त्यावरूनच पुन्हा कधी यायचं ते ठरतं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

त्याच फेरीत गरमीची म्हणजे सिफिलिसची तपासणीही करून घ्या. कंडोमशिवाय संबंध झाला असेल तर एचआयव्हीपेक्षा परमा (गनोरिया), गरमी किंवा कावीळ ब होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि भीतीच्या भरात नेमकं तेच राहून जातं. लघवीच्या जागी पू येणं, न दुखणारा फोड, जांघेत गाठ, बाईच्या अंगावरून दुर्गंधीचं पाणी जाणं, यातलं काही असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये दाखवा. परमा आणि गरमी औषधाने पूर्ण बरे होतात. कावीळ ब ची लस आहे.

## टप्पा ७: रिपोर्ट कसा वाचायचा

‘नॉन-रिॲक्टिव्ह’ म्हणजे लागण सापडली नाही. पक्क्या तारखेनंतरचा असेल तर विषय संपला.

खासगी लॅबच्या कागदावर पुष्कळदा आकडाही छापलेला असतो. मागच्या वेळी ०.०८ होता, आता ०.२१ आला, म्हणजे वाढतोय, असं समजून लोक घाबरतात. तो आकडा विषाणूचा नसतो. मशीनला मिळालेल्या संकेताचा तो आकडा आहे, आणि बहुतेक मशीनवर १ च्या खाली असलेला आकडा नॉन-रिॲक्टिव्हच असतो. दोन रिपोर्टांतल्या आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

‘रिॲक्टिव्ह’ आला तर तो अजून निदान नाही. सरकारी केंद्रावर वेगवेगळ्या तीन प्रकारच्या टेस्ट करून मगच निदान सांगतात. एका कार्डावर दोन रेघा आल्या म्हणून घरी जाऊ नका, समुपदेशक सांगतील तिथपर्यंत थांबा. निदान पक्कं झालं तर एआरटी केंद्रातून औषध मोफत मिळतं, बहुतेकांना रोज एक गोळी. वेळेत सुरू केली तर माणूस इतरांसारखंच दीर्घ आयुष्य जगतो, लग्न करतो, निरोगी लेकरं होतात.

## टप्पा ८: डोक्यातलं चक्र थांबवा

टेस्टच्या तारखेपर्यंतचे आणि काहींच्या बाबतीत त्यानंतरचेही दिवस इथे जातात. तेव्हा हे हलकं समजू नका.

पहिली गोष्ट लक्षणांची. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ येतं. पण हीच लक्षणं पावसाळ्यात अर्ध्या गावाला असतात. डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस, साधा व्हायरल. जांघेतली खाज बहुतेक वेळा गजकर्णाची असते, पाठीवरचं पुरळ घामोळ्यांचं, गालाच्या आतला पांढरा चट्टा खर्ऱ्याचा. तो चट्टा मात्र दातांच्या डॉक्टरला वेगळा दाखवा. वजन कमी होणं, धडधड, जुलाब, रात्री घाम, हातापायाला मुंग्या, हे सगळं नुसत्या काळजीनेही होतं. मानेतल्या गाठी दिवसातून वीस वेळा चाचपल्या तर त्या दुखतात आणि सुजतातही. लक्षणांवरून एचआयव्ही आहे किंवा नाही, हे कोणत्याच डॉक्टरला सांगता येत नाही. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर तापाची तपासणी करा, एचआयव्हीची नाही.

दुसरी गोष्ट खात्री करून घ्यायच्या सवयीची. आरशात जीभ बघणं, मोबाइलवर तेच तेच शोधणं, एका डॉक्टरला विचारल्यावर दुसऱ्याला विचारणं. प्रत्येक वेळी दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग शंका आधीपेक्षा जोरात येते. ही सवय एकदम तुटत नाही, म्हणून पायरी-पायरीने तोडा.

१. दिवसातून किती वेळा तपासता ते दोन दिवस नुसतं मोजा. एका कागदावर काड्या मारा.
२. तिसऱ्या दिवसापासून इच्छा झाली की दहा मिनिटं थांबा. मोटार चालू करा, जनावरांना पाणी दाखवा, अंगण झाडा. दहा मिनिटांनी इच्छा कमी झालेली असेल तर पुढे ढकला. आठवड्याने दहाची वीस करा.
३. काळजीला एक वेळ ठरवून द्या, संध्याकाळी पंधरा मिनिटं. झोपायच्या आधी नको. दिवसभरात शंका आली की ‘संध्याकाळी बघू’ म्हणा आणि हातातलं काम करा.
४. रात्री मोबाइल उशाशी ठेवू नका. दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.
५. ‘माझी टेस्ट अमुक तारखेला आहे, तोवर नवीन माहिती मिळणार नाही’ हे वाक्य लिहून पाकिटात ठेवा. पक्का रिपोर्ट आल्यावर त्या जागी रिपोर्टची तारीख लिहा.

दारूने झोप येते, पण पहाटे तीनला जाग येते आणि भीती दुप्पट होते. महिनाभर तरी टाळा.

पक्क्या तारखेचा रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह असूनही शंका जात नसेल, दोन आठवडे नीट झोप नसेल, शेताकडे किंवा दुकानाकडे लक्ष लागत नसेल, तर आता आजार एचआयव्हीचा नाही, चिंतेचा आहे. त्याला औषध आणि समुपदेशन दोन्ही आहेत आणि त्याने बरं वाटतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. तिथे जाण्याआधी बोलायचं असेल तर टेली मानस या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

‘रिपोर्ट वाईट आला तर जीवच देईन’ असा विचार एकदाही आला असेल, तर तो आला त्याच दिवशी दोन कामं करा. घरातलं फवारणीचं औषध, उंदराचं औषध, सगळे डबे भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवा आणि ‘लेकरं खेळतात’ एवढं कारण सांगा. गोठ्याला कुलूप असेल तर किल्ली तुमच्याजवळ ठेवू नका. आणि एका माणसाला सांगा. बायको, मोठा भाऊ, वहिनी, जुना मित्र, कोणीही. सगळं सांगायची गरज नाही. ‘मला एक टेस्ट करायची आहे, मला भीती वाटते, माझ्यासोबत चल’ एवढं सांगितलं तरी चालेल. टेस्टच्या दिवशी त्याच माणसासोबत गाडीवर बसा, आणि रिपोर्ट मिळेपर्यंत त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवा.